पहारेकऱ्यांची भाऊबंदकी

मराठी माणसाच्या मनात हेराबद्दल मूळचाच आदर असतो. चौथीच्या इतिहासाच्या पुस्तकातून बहिर्जी नाईक एकदा मनात शिरले की जन्मभर तिथून हलत नाहीत. वेषांतर करून शत्रूच्या गोटात जायचे, चार दिवस राहायचे, खजिना कुठे आणि पहारा कुठे ते पाहायचे, आणि कुणाला काही कळायच्या आत परत यायचे, हे काम आपण तलवारबाजीच्या खालोखाल मानतो. मात्र या आदरात एक अट न बोलता घातलेली असते. हेर आपला पाहिजे आणि घर दुसऱ्याचे पाहिजे. याच्या उलट झाले, म्हणजे घर आपले आणि हेर दुसऱ्याचा असला, की त्याच पराक्रमाला आपण 'चोंबडेपणा' म्हणतो.

संगणकाच्या राज्यात या चोंबडेपणाला 'स्पायवेअर' म्हणतात. हा शब्द पहिल्यांदा नोंदला गेला तो १६ ऑक्टोबर १९९५ रोजी, यूजनेट नावाच्या त्या काळच्या संगणकवाल्यांच्या चावडीवर, आणि तोही मायक्रोसॉफ्टच्या धंद्याच्या रीतीची टिंगल करण्यासाठी. बारसे थट्टेत झाले, पण मूल पुढे फारच द्वाड निघाले.

ज्यांना या विषयाची बाधा झालेली नाही त्यांच्यासाठी थोडा खुलासा करतो. चहाच्या पुड्याबरोबर स्टीलचा चमचा फुकट मिळतो, हे आपण जाणतो. असा एखादा चमचा घरात आल्यावर तुम्ही चहात साखर किती घालता, पाहुण्यांना किती घालता, चहा पिताना कुणाबद्दल काय बोलता, हे सगळे टिपून दररोज रात्री गुपचूप दुकानदाराला कळवू लागला, तर तो चमचा म्हणजे स्पायवेअर. आणि असल्या चमच्यांना डब्यातून हुडकून बाहेर फेकण्याचा धंदा काढला, तर तो अँटी-स्पायवेअर. पहिल्या धंद्याचा इतिहास काळाकुट्ट आहे, त्यामुळे त्यात सांगण्यासारखे फार नाही. दुसऱ्या धंद्याचा इतिहास मात्र पांढऱ्या कपड्यांवरच्या डागांचा आहे, आणि असा इतिहास वाचायला केव्हाही बरा.

आता बँकेतल्या कारकुनाने या भानगडीत का पडावे? कारण आहे. कॉमर्सच्या पदवीने मला जे थोडेफार दिले त्यात हिशेब तपासणीच्या पेपरातला एक खटला आहे. १८९६ साली इंग्लंडात किंगस्टन कॉटन मिलच्या खटल्यात न्यायमूर्ती म्हणाले की हिशेब तपासनीस हा राखणीचा कुत्रा आहे, माग काढणारा शिकारी कुत्रा नव्हे. संशयास्पद काही दिसले तर त्याने भुंकावे, पण सगळेच चोर आहेत असे धरून हुंगत हिंडू नये. गेली कित्येक वर्षे लक्षावधी मुले हे वाक्य पेपरात लिहून पास झाली आहेत. अँटी-स्पायवेअरचा इतिहास वाचला की वाटते, ही मंडळी तो पेपर ऑप्शनला टाकून आली असावीत. राखणीच्या कुत्र्यापेक्षा शिकारी कुत्र्याला बाजारात भाव जास्त, हे त्यांना फार लवकर कळले. पण ते पुढे. आधी सत्ययुग.

सत्ययुगात पहारेकरी एकेकटे होते आणि फुकट होते. कॅलिफोर्नियात स्टीव्ह गिब्सन नावाच्या गृहस्थांना २००० साली आपल्याच संगणकात ऑरिएट नावाच्या कंपनीचा जाहिरातवाला कार्यक्रम मुक्काम ठोकून बसलेला आढळला. आपण कधी बोलावले नाही, हा आला केव्हा? आपल्याकडे अशा वेळी गृहस्थ आधी बायकोवर संशय घेतो, "तुझ्या माहेरचं कोण आलंय का?" गिब्सन यांनी तसे न करता त्याला हाकलणारा 'ऑप्टआउट' नावाचा छोटा कार्यक्रम लिहिला आणि जगाला देऊन टाकला. या जातीचा तो पहिला पहारेकरी मानतात.

त्याच वर्षी एका पालकाने आपल्या संगणकावर झोनअलार्म नावाचा दरवान बसवला. दरवानाने त्याला कळवले की तुमच्या घरातून बाहेर कोणी निरोप धाडते आहे. पाहतो तर मुलांना वाचायला शिकवणारा 'रीडर रॅबिट' हा कार्यक्रम. बाळ 'क' कमळातला गिरवत असताना हा ससा मॅटेल या खेळण्यांच्या कंपनीला गुपचूप माहिती पाठवत होता. ससा आणि कासव यांच्या गोष्टीत ससा झोपला म्हणून हरला, असे आपण शिकलो. हा मुळीच झोपत नव्हता.

याच सुमारास जर्मनीत दोन तरुण कामाला लागले होते. निकोलस स्टार्क यांनी १९९९ साली लावासॉफ्ट काढून 'अ‍ॅड-अवेअर' आणला, आणि २००० साली पॅट्रिक कोला यांनी 'स्पायबॉट'. दोन्ही घरगुती वापराला फुकट. यातल्या कोला यांच्याबद्दल मला विशेष माया वाटते. त्यांनी आपला कार्यक्रम जगातल्या सर्वांत छान मुलीला अर्पण केला होता. शहाजहानने संगमरवर वापरला, हा गडी संगणकाच्या भाषेत लिहीत होता, इतकाच फरक. आणि मोबदला काय मागितला? तुम्हाला हे आवडले तर तुमच्या देवाकडे माझ्यासाठी आणि तिच्यासाठी प्रार्थना करा. देणगी ऐच्छिक. मी हे वाचून क्षणभर पेन खाली ठेवले. प्रार्थना जमा करून घ्यायची तर व्हाउचर कोणत्या खात्याचे फाडायचे, हे बँकेच्या कुठल्याही परिपत्रकात दिलेले नाही.

हे सगळे परदेशात चालले होते म्हणून आपण स्वस्थ होतो असे मात्र नाही. व्हायरस नावाचा स्पायवेअरचा थोरला भाऊ फ्लॉपीत बसून गावोगाव हिंडत होता त्या १९९० च्या दशकात, पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्तीच्या धंद्यातून वर आलेले कैलास काटकर आणि त्यांचे धाकटे बंधू संजय यांनी 'क्विक हील' उभे केले. कंपनीचे शेअर २०१६ साली बाजारात आले. पण यांचा मामला रोखठोक होता. खोका घ्या, पैसे द्या, पावती घ्या. प्रार्थना ज्याने त्याने आपल्या वेळेत करावी. पुणेरी दुकानदारीत तशीही भावनेला जागा कमी.

म्हणजे पहारेकऱ्याचा पगार दोन रीतींनी निघू शकतो हे सिद्ध झाले, प्रार्थनेने आणि पावतीने. पुढची वीस वर्षे बाकीच्या रीती शोधण्यात गेली.

कारण आता चोरांच्या बाजूला पैसा आला होता. त्यांच्यातला मातब्बर म्हणजे १९९८ साली निघालेली गेटर. नाव मगरीचे, काम नोकराचे. तुमचे पासवर्ड मी लक्षात ठेवतो, अर्ज मी भरून देतो, तुम्ही आराम करा. असा मनमिळाऊ गडी घरात घेतला की तो तुम्ही कुठे जाता ते पाहून त्याप्रमाणे जाहिराती तोंडावर मारायचा. कझासारख्या फुकट गाणी देणाऱ्या कार्यक्रमांच्या बोटाला धरूनही तो घरात शिरे. कंपनीने २००४ साली शेअर बाजारात यायचे ठरवून कागदपत्रे दाखल केली, त्यांत आदल्या वर्षाचे उत्पन्न सुमारे ९ कोटी डॉलर आणि आपला गडी ४ कोटी ३० लाख लोकांच्या घरी असल्याचा दावा होता. एवढी घरे तर आमच्या बँकेच्या कर्जखात्यांतही नाहीत.

"पण आम्ही परवानगी घेतली होती!" असे या लोकांचे म्हणणे. आणि ते खोटे नव्हते. करारात सगळे लिहिलेले असे. आता करार कोण किती वाचतो, या विषयात कारकुनाइतका अधिकारी पुरुष दुसरा नाही. गृहकर्जाच्या कागदांवर आम्ही पेन्सिलीने फुल्या मारून ठेवतो आणि ग्राहक फुलीमागून फुली सही करत सुटतो. आमच्या शाखेत एकदा एक गृहस्थ सही करण्यापूर्वी करार वाचायला लागले. पहिल्या पानाला कुणी लक्ष दिले नाही. दुसऱ्या पानाला सगळे काउंटर थांबले. तिसऱ्या पानाला मॅनेजरसाहेब स्वतः केबिनबाहेर आले आणि त्यांनी त्या गृहस्थांची तब्येत विचारली.

या करारबाजीचा कळस २००२ साली रेडलाइट नावाच्या, सिनेमे दाखवणाऱ्या कार्यक्रमाने गाठला. हा घरात आला की आधी अ‍ॅड-अवेअरला शोधून बाहेर काढायचा. आणि करारात तशी सोय करून ठेवलेली! म्हणजे पाहुण्याने यावे, तुमच्या गुरख्याची शिट्टी-काठी जप्त करून त्याला फाटकाबाहेर घालवावे, आणि विचारले तर खिशातून तुमच्याच सहीचा कागद काढावा.

या काळात खरी मारामारी घरात नव्हतीच. ती शब्दकोशात चालली होती. गेटरचे म्हणणे, आम्हाला स्पायवेअर म्हणू नका, आम्ही जाहिरातवाले. पीसी पिटस्टॉप नावाच्या लहानशा कंपनीने तो शब्द वापरला म्हणून गेटरने तिच्यावर २००३ साली बदनामीचा खटला भरला. तडजोड झाली आणि पीसी पिटस्टॉपची ती पाने निघाली. त्याच वर्षी गेटरने स्वतःचेच नाव बदलून 'क्लारिया' केले. आपल्याकडे धंदा चालेना की पाटीवर एक 'अ' वाढवतात किंवा ज्योतिषाला विचारून 'श्री' आधी लावतात. चालणाऱ्या धंद्याची पाटी बदलावी लागणे ही फार वेगळी अडचण आहे.

इकडे पहारेकऱ्यांची संख्या वाढत होती. २००४ साली अमेरिकेतल्या ३२९ घरांतले संगणक तपासून पाहिले तेव्हा ८० टक्के घरांत स्पायवेअर किंवा त्याचे भाईबंद निघाले. शंभरातल्या ऐंशी घरांत ढेकूण आहेत असे छापून आल्यावर ढेकणाच्या औषधाची दुकाने किती निघतील, ते सांगायला नको. वेबरूट, पेस्टपेट्रोल, अल्युरिया, जायंट... आणि दुकाने वाढली की स्पर्धा आली. पण पहाऱ्यातली स्पर्धा मोजायची कशी? रात्रभरात चोर आला नाही, हे चांगल्या पहारेकऱ्याचे लक्षण. झोपलेल्या पहारेकऱ्याचेही तेच. म्हणून एक सोपे माप निघाले. किती सापडले? एकाने तपासून चाळीस सांगितले की दुसऱ्याला साठ दाखवणे भाग. मग साठ भरायचे कुठून? संकेतस्थळे ओळखीची खूण म्हणून संगणकात 'कुकी' नावाची बारीकशी चिठ्ठी ठेवतात. ती फार तर तुमचा माग ठेवते, तिजोरी फोडत नाही. पण तीही दरोडेखोरांच्या यादीत मोजली जाऊ लागली. घरात एकूण साठ गुन्हेगार, पैकी अठ्ठावन्न चिठ्ठ्या!

शहाणी माणसे अ‍ॅड-अवेअर आणि स्पायबॉट हे दोन्ही ठेवत, कारण एकाला जे दिसे ते दुसऱ्याला दिसत नसे. दागिना दोन सराफांना दाखवावा असे माझी आजी म्हणायची, तसेच हे. फरक एवढाच की सराफ दोन असले तरी दागिना एकच राहतो.

स्पर्धेत नियम हवेत म्हणून पहारेकऱ्यांनी २००३ साली 'कोस्ट' नावाचा संघ काढला. उद्देश उत्तम, लेटरहेड उत्तम. २००५ च्या सुरुवातीला या संघाने एक नवा सभासद करून घेतला, तो म्हणजे १८० सोल्यूशन्स. ज्यांच्यापासून राखण करायची त्या जाहिरातवाल्यांपैकीच हे एक नामांकित घराणे. आपल्या सोसायटीच्या सुरक्षा समितीवर, "त्याला अनुभव आहे," या मुद्द्यावर घरफोड्याला घ्यावे, त्यातला प्रकार. वेबरूट रागावून बाहेर पडली, पेस्टपेट्रोल विकत घेतलेली कॉम्प्युटर असोसिएट्स बाहेर पडली, आणि संघ संपला. मराठी माणसाला यात नवल वाटायचे कारण नाही. आपल्याकडे संघ फुटायला चोर लागतोच असे नाही, साधी वर्गणी पुरते.

मग सरकार काय करत होते? सरकार मतदान करत होते. अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहाने ऑक्टोबर २००४ मध्ये स्पायवेअरविरुद्धचे विधेयक ३९९ विरुद्ध १ अशा मतांनी मंजूर केले. त्यानंतर दोनच दिवसांनी दुसरे, ४१५ विरुद्ध ०. एवढे एकमत आपल्याकडे फक्त आमदारांच्या पगारवाढीला होते. आणि पुढे? पुढे सिनेट नावाचे दुसरे सभागृह आहे. तिथे ती दोन्ही विधेयके निवांत पहुडली आणि कायदा झालाच नाही. शेवटी फेडरल ट्रेड कमिशनने जुन्याच कायद्यातल्या फसवणुकीच्या कलमांवर काम चालवले.

आता या गोष्टीत मोठा वाडेवाला येतो. ज्याच्या वाड्यात सगळे भाडेकरू राहत होते त्या मायक्रोसॉफ्टने डिसेंबर २००४ मध्ये जायंट कंपनी विकत घेतली, जानेवारी २००५ मध्ये तिचा पहारेकरी आपल्या नावाने चाचणीला उभा केला, आणि फेब्रुवारीत बिल गेट्स यांनी जाहीर केले की हा फुकट राहील. पगाराची ही तिसरी रीत. पहाऱ्याचे वेगळे पैसे नाहीत, मेन्टेनन्समध्ये धरले आहे. ज्यांचा प्रपंच खोक्याच्या किमतीवर चालला होता त्या पहारेकऱ्यांच्या घरी त्या दिवशी आमटी पातळ झाली असेल.

पण वाडेवाल्याचीही कसोटी लागायची होती. २००५ च्या उन्हाळ्यात बातमी फुटली की मायक्रोसॉफ्ट क्लारियाला, म्हणजे आपल्या त्या पूर्वाश्रमीच्या मगरीला, विकत घ्यायची बोलणी करते आहे. आणि त्याच सुमारास मायक्रोसॉफ्टच्या पहारेकऱ्याचे क्लारियाबद्दलचे मत मवाळ झाले. पूर्वी तो 'वेगळे काढून कोंडा' असा सल्ला देई, आता 'दुर्लक्ष करा' म्हणू लागला. लोकांनी बोंब मारली. मायक्रोसॉफ्टने खुलासा केला की निकष सर्वांना सारखेच लावले, क्लारियाला खास सवलत नाही. असेलही. पण सोयरिकीची बोलणी चालू असताना मुलाच्या चुलत्याने, "मुलगी जरा तिरळी वाटली होती, पण आता नीट पाहता नाही वाटत," असे म्हटले, तर ऐकणाऱ्याने दृष्टिदोष नक्की कुणाचा समजावा? ती सोयरीक काही जमली नाही, आणि पुढच्या वर्षी क्लारियाने तो जाहिरातींचा धंदाच सोडला.

हेर कोणाला म्हणायचे याचा निर्णय जो तो आपल्या सोयीने करतो, हे आता सर्वांना कळले होते. म्हणून २००५ सालीच दुसरी आघाडी स्थापन झाली, अँटी-स्पायवेअर कोएलिशन. कोस्टचा अनुभव गाठीशी होता. तेव्हा या मंडळींनी आधी सभासद न वाढवता व्याख्या लिहायला घेतल्या. स्पायवेअर म्हणजे काय, संमती म्हणजे काय, काढून टाकता येणे म्हणजे काय. दहा वर्षे मारामारी झाल्यावर मारामारीचे कारण लिहून काढले, हे या इतिहासातले सर्वांत समंजस काम असावे.

यानंतर कलियुग. चौथ्या रीतीच्या पगाराचे.

बँकेत एक पवित्र नियम आहे. व्यवहार ज्याने भरला त्याने तो मंजूर करायचा नाही. भरणारा वेगळा, तपासणारा वेगळा. आम्ही त्याला मेकर-चेकर म्हणतो, आणि दोघांपैकी एक रजेवर गेला तर शाखा ठप्प होते. कलियुगातल्या पहारेकऱ्यांनी ही अडचण काढून टाकली. रोग भरणारे तेच आणि तपासणारेही तेच. पडद्यावर एकदम लाल पाटी यायची, तुमच्या संगणकात हेर शिरले आहेत, फुकट तपासणी करा! तपासणी फुकट, निदान ठरलेले, औषध विकत. २००५ साली फेडरल ट्रेड कमिशनने 'स्पायवेअर असॅसिन' नावाच्या असल्या एका वैद्याला कोर्टात खेचले. कमिशनचे म्हणणे, संगणक अगदी स्वच्छ असला तरी याच्या तपासणीत रोग निघायचाच, आणि औषधाची किंमत २९ डॉलर ९५ सेंट. पुढच्या वर्षी वॉशिंग्टन राज्य आणि मायक्रोसॉफ्ट यांनी 'स्पायवेअर क्लीनर' विकणाऱ्यांवर दावा लावला, तो १० लाख डॉलरला मिटला. आणि २००८ साली इनोव्हेटिव्ह मार्केटिंग नावाच्या टोळीचे प्रकरण उघडे पडले. विनफिक्सर, ड्राइव्हक्लीनर, एररसेफ अशी सात्त्विक नावे धारण करून या मंडळींनी १० लाखांहून जास्त गिऱ्हाइकांना खोटी भीती घालून बनावट औषध विकल्याचा कमिशनचा आरोप होता. त्यातल्या एकीवर २०१२ साली १६ कोटी ३० लाख डॉलरचा हुकूमनामा झाला.

यात आकड्यांपेक्षा मला एक गोष्ट लागते. ही पाटी पाहून पैसे भरणारा माणूस बेफिकीर नव्हता. बेफिकीर माणसाने पाटी मिटून पत्ते खेळायला घेतले असते. फसला तो काळजी करणारा. घर नीट ठेवावे, मुलांच्या फोटोंना आणि पेन्शनच्या कागदांना धक्का लागू नये, असे ज्याला वाटत होते, तो. चोराने चोरी केली तर वस्तू जाते. पहारेकऱ्याने केली तर दुसऱ्या दिवशी नवा पहारेकरी ठेवायची हिंमत जाते.

खोट्या पहारेकऱ्यांमुळे खऱ्यांवरही विपरीत परिणाम झाला. आता कोणीही कोणाला 'खोटा' म्हणू शकत होता. २००७ च्या सुमारास झँगोने, म्हणजे ते कोस्टवाले १८० सोल्यूशन्स, नाव बदलून, कॅस्परस्की या पहारेकऱ्यावर दावा केला की तुम्ही आम्हाला अडवता. अमेरिकेत १९९६ चा एक कायदा आहे, त्यात नको असलेला मजकूर गाळणाऱ्याला संरक्षण दिले आहे. २००९ साली अपील कोर्टाने त्याच्या आधारे कॅस्परस्कीच्या बाजूने निकाल दिला. पहारेकरी खूश. पण त्यांतल्या एका न्यायाधीशाने निकालाशी सहमत होऊनही वेगळे टिपण जोडले. अर्थ असा की उद्या एखादा या संरक्षणाच्या आडून आपल्या धंद्यातल्या प्रतिस्पर्ध्यालाच अडवील, तेव्हा काय करायचे?

न्यायाधीशांनी अशा शंका काढू नयेत. त्या खऱ्या होतात. २०१६ साली मालवेअरबाइट्स या पहारेकऱ्याने आपले निकष बदलले, आणि एनिग्मा कंपनीचा 'स्पायहंटर' हा दुसरा पहारेकरी त्या नव्या निकषांत अडकला. मालवेअरबाइट्स घरात असले की स्पायहंटरला संशयित म्हणून दारातच धरायचे. एनिग्मा म्हणाली, हा शुद्ध धंद्यातला द्वेष आहे. मालवेअरबाइट्सचे म्हणणे, कायद्याने आम्हाला अधिकार आहे. एका फाटकावर दोन गुरखे, आणि दोघेही एकमेकांना, "चोर! चोर!" म्हणून शिट्ट्या मारताहेत. मालक खिडकीतून पाहतोय आणि खरा चोर, असलाच तर, त्या गोंधळात शांतपणे जिना चढतोय.

२०१९ साली अपील कोर्ट म्हणाले, प्रतिस्पर्ध्याला पाडण्याच्या हेतूने अडवले असेल तर ते संरक्षण मिळणार नाही. सुप्रीम कोर्टाने २०२० साली त्यात हात घातला नाही. प्रकरण खाली गेले, पुन्हा वर आले, आणि २०२३ साली अपील कोर्टाने एक बारकावा सांगितला, जो प्रत्येक सोसायटीच्या नोटीसबोर्डाशेजारी लावावा. एखाद्या कार्यक्रमाला 'कदाचित नको असलेला' म्हणणे हे मत झाले, त्यावर दावा नाही. पण 'घातक' किंवा 'धोका' म्हणणे हे तपासता येण्यासारखे विधान झाले, त्यावर दावा चालू शकतो. आपल्या भाषेत, शेजाऱ्याला 'आगाऊ' म्हणायला मोकळीक, 'चोर' म्हणायचे तर पुरावा आणा.

एवढ्या घडामोडींनंतर जुने योद्धे कुठे पोचले? वाडेवाल्याचा पहारेकरी २०१२ पासून विंडोज ८ बरोबर पूर्ण पगारी, सर्व रोगांवर चालणारा झाला आणि बहुतेक घरांत दुसऱ्याची गरज उरली नाही. ज्या लावासॉफ्टने अ‍ॅड-अवेअर काढून आगंतुकांना हाकलायचा पायंडा पाडला, त्याच घराण्याचा पुढचा 'वेब कंपॅनियन' हा कार्यक्रम मालवेअरबाइट्सच्या 'कदाचित नको असलेल्या' यादीत जाऊन बसला. म्हातारपणी फौजदाराचे नाव पोलीसचौकीच्या फळ्यावर लागावे, तसे.

पण पगाराची पाचवी रीत अजून राहिली. तीच मला सर्वांत जास्त खुपते. प्रागमध्ये अव्हास्ट नावाची जुनी, कोट्यवधी घरांत फुकट बसलेली पहारा कंपनी. तुमच्यावर कोणी पाळत ठेवू नये म्हणून आम्ही आहोत, ही तिची जाहिरात. जानेवारी २०२० मध्ये पत्रकारांनी दाखवून दिले की लोक इंटरनेटवर कुठे कुठे जातात याच्या नोंदी तिची जम्पशॉट ही उपकंपनी विकत होती. उपकंपनी लगेच बंद झाली. २०२४ साली फेडरल ट्रेड कमिशनने १ कोटी ६५ लाख डॉलर भरायला लावले आणि सांगितले की या नोंदी शंभराहून जास्त गिऱ्हाइकांना विकल्या गेल्या होत्या. मगरीला तर आपण दारातून ओळखले असते हो! हा मात्र मगर हाकलायलाच आपण आत घेतलेला होता. पहारेकऱ्याला घरातल्या सगळ्या खोल्यांच्या किल्ल्या द्याव्या लागतात, हे त्या कामातच येते. त्या किल्ल्यांचा त्याने धंदा केला तर दाराला कुलूप कसले लावायचे?

कॉमर्सच्या पहिल्या वर्षाला हिशेबाचा एक नियम घोकून घेतात. घेणाऱ्याच्या नावे, देणाऱ्याच्या जमा. प्रत्येक व्यवहारात दोन्ही बाजू असतात. एक बाजू कोरी दिसली तर ती कोरी नसते, दुसऱ्या कुठल्या तरी वहीत लिहिलेली असते. पंचवीस वर्षांचा हा सगळा इतिहास मी त्या नियमाने तपासून पाहिला. पावती घेणाऱ्याचा हिशेब जुळतो. मेन्टेनन्सवाल्याचा जुळतो, फक्त वाडा त्याचाच असतो हे विसरू नये. भीती विकणाऱ्याचा जुळतो आणि तो तुरुंगाच्या वहीत लिहितात. अव्हास्टचा जुळत नव्हता तो शेवटी जम्पशॉटच्या वहीत सापडला. एकाच माणसाच्या खात्यात मात्र मला अजून काही खोड काढता येत नाही. फुकट दिले, आणि जमेच्या बाजूला सरळ लिहून ठेवले की प्रार्थना करा.

त्या जर्मन गड्याची ती मुलगी सुखात असो. कारकुनाकडून एवढे जमा करून घ्यावे. व्हाउचर नंतर पाहू.